ओव्हरडोसची पहिली दहा मिनिटं: बेघरांमध्ये काम करणाऱ्या पीअर मंडळींसाठी

(निवारा केंद्रांचे कर्मचारी, आउटरीच वर्कर आणि पीअर यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

भुसावळ, जळगाव, धुळे, नंदुरबार. या गावांत रात्री उघड्यावर कोण कुठे झोपतं, हे पीअरला, म्हणजे स्वतः व्यसनातून गेलेल्या आणि आता याच लोकांत काम करणाऱ्या माणसाला, सांगावं लागत नाही. प्लॅटफॉर्मचं टोक, पार्सल ऑफिसची मागची बाजू, उड्डाणपुलाखालचा कट्टा, मार्केट यार्डातले ओटे. कोण पन्नीवर (चांदीच्या कागदावर) गर्द ओढतो, कोण सुई मारतो, कोण सिरपच्या बाटलीवर 'कुत्ता गोळी' (गुंगीची गोळी) टाकतो, हेही त्याला ठाऊक असतं. डॉक्टरांना आणि नगरपालिकेला ते ठाऊक नसतं.

गर्द (ब्राउन शुगर), ट्रामाडोल, टॅपेन्टाडोल, कोडीनचं सिरप, ब्युप्रेनॉर्फिन ही सगळी अफूच्या जातीची. ती मेंदूतलं श्वास चालवणारं केंद्र मंद करतात आणि माणूस श्वास थांबून जातो. श्वास पूर्ण थांबला की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. १०८ ची गाडी कितीही तत्पर असली तरी रात्री यार्डाच्या पलीकडे तेवढ्यात पोचणार नाही. पोचू शकतो तो शेजारच्या गोधडीतला माणूस. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ मध्येच शिफारस केली, की ओव्हरडोस ज्यांच्या डोळ्यांदेखत होण्याची शक्यता आहे त्यांना नॅलोक्सोन, म्हणजे अफूचा असर उतरवणारं औषध, मिळावं आणि ते वापरायला शिकवावं.

आता ओळखायचं कसं. "घोरतोय, झोपू द्या" या वाक्यानं फार माणसं गेली आहेत. घशातून घुरघुर येत असेल तर आधी नावानं हाक मारा, नाव माहीत नसेल तर "ओ भो!" म्हणून जोरात हलवा. तरी हालचाल नाही, तर मूठ वळून तिची हाडं छातीच्या मधल्या हाडावर दाबून घासा. शुद्ध असलेला माणूस शिवी देतोच. प्रतिसाद नसेल तर पोटावर हात ठेवून श्वास मोजा. मिनिटाला दहापेक्षा कमी म्हणजे धोका. टॉर्चच्या उजेडात बुबुळातला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा दिसतो. सावळ्या कातडीवर निळेपणा कळत नाही, तेव्हा ओठाची आतली बाजू आणि नखं बघा. ती राखाडी पडतात.

मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा एक घोटाळा हमखास होतो. उष्माघातानं पडलेल्या माणसाचं अंग भट्टीसारखं तापलेलं असतं, पण श्वास भराभर चालतो. अफूच्या ओव्हरडोसमध्ये श्वास मंदावतो. फरक श्वासात आहे. पाणी मारायचं की तोंडाने श्वास द्यायचा, हे त्यावरून ठरवा.

१०८ ला फोन करताना पहिलं वाक्य "माणूस श्वास घेत नाहीये" एवढंच. "गर्दुल्ला पडलाय" म्हणाल तर पलीकडच्याची घाई कमी होते, हे कटू असलं तरी खरं आहे. नुसतं "स्टेशन" सांगू नका. कुठली बाजू, कुठलं गेट, जवळ काय आहे ते सांगा आणि एकाला रस्त्यावर उभं करा.

मग तोंड उघडा. गुटखा, सुपारी, उलटी दिसली तर बोटानं काढा. न दिसणारं आत ढकलू नका. ही पायरी आपल्या भागात विसरून चालणार नाही. कपाळ मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरा, तोंडावर बॅरियर (श्वास देताना मधे ठेवायचा प्लास्टिकचा पडदा) ठेवा आणि दर पाच सेकंदांनी एक श्वास. छाती वर उठली तरच हवा गेली. उठली नाही तर मान पुन्हा नीट करा. श्वासच नाही आणि अंगात जीव असल्याचं कुठलंही चिन्ह नाही, अशा वेळी छातीवर ३० दाब आणि २ श्वास.

नॅलोक्सोन आपल्याकडे चिठ्ठीवर मिळणारं इंजेक्शन आहे. ते कुणाकडे राहील आणि कोण देईल हे संस्थेच्या डॉक्टरांनी लेखी ठरवून, शिकवून द्यावं. तोंडी परवानगीवर पीअरला अडकवू नये. नेहमीच्या काचेच्या ॲम्प्यूलमध्ये १ मिलीत ०.४ मिलिग्रॅम औषध असतं. सगळं सिरिंजमध्ये ओढून मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत द्यायचं. गडबडीत पँट काढत बसू नका, कपड्यावरूनही चालतं. दोन-तीन मिनिटं थांबा, पण श्वास देणं थांबवू नका. फरक नाही पडला तर दुसरं. म्हणून पिशवीत किमान दोन ॲम्प्यूल, दोन सिरिंज, हातमोजे, बॅरियर, टॉर्च. ॲम्प्यूल कापसात गुंडाळून साबणाच्या कडक डबीत ठेवा, नाहीतर खिशातच फुटतात. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत साठा ठेवू नका. पण गरज पडली आणि हातात तापलेलंच ॲम्प्यूल असेल, तर तेच द्या.

माणूस श्वास घेऊ लागला की काम झालं. तो उठून बसलाच पाहिजे असा हट्ट नको. जास्त डोस गेला तर अंग कापतं, उलटी होते, तो चिडतो आणि लगेच पुन्हा ओढायला निघतो. इथेच दुसरा मृत्यू होतो: नॅलोक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, अफू मात्र अंगात असते. कुशीवर, वरचा गुडघा वाकवून झोपवा आणि दवाखान्यात न्या. नाहीच गेला तर किमान दोन तास सोबत बसा.

कुत्ता गोळीवर, म्हणजे अल्प्राझोलामवर, नॅलोक्सोन चालत नाही, दारूवरही नाही. पण घेणारा बहुधा सगळं एकत्र घेतो, म्हणून शंका आली तर द्यावंच. अफू नसेल तर अपाय होत नाही. ट्रामाडोल जास्त झालं की झटके येतात आणि लोक मिरगी समजून चप्पल, कांदा हुंगवतात. त्यानं श्वास परत येत नाही. मिठाचं पाणी किंवा दूध शिरेत टोचणं तर घातकच. पंक्चरचं सोल्युशन हुंगणाऱ्या पोराच्या मागे मात्र धावू नका, त्याला दचकवू नका. त्या अवस्थेत धक्क्यानं हृदयाची लय बिघडून मूल जागच्या जागी जाऊ शकतं.

सगळ्यात जास्त लक्ष कुणावर ठेवायचं? जेल, व्यसनमुक्ती केंद्र किंवा लांबचं आजारपण संपवून परत आलेल्यावर. अंगाची सवय मोडलेली असते, पण हात जुनीच मात्रा मोजतो. पहिले चार आठवडे सर्वांत धोक्याचे. पीअरनं त्याच्याशी उपदेशाचा सूर न लावता बोलावं: एकटा घेऊ नको, आधी थोडंसं घेऊन थांब, दारू-गोळी सोबत नको, कुणाला तरी सांगून ठेव. ओएसटी (अफूच्या जागी डॉक्टरांच्या देखरेखीत औषध देण्याचा उपचार) सुरू करायची असेल तर केंद्रावर सोबत जावं. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन पाठ असावी.

संस्थांना एकच तक्रार सांगतो. तुमच्या वेळा दहा ते पाच, आणि माणसं पडतात रात्री. पीअरची एक फेरी अंधार पडल्यावर लावा, दोघांची जोडी करा आणि त्या फेरीचे पैसे द्या. तो स्वतः त्याच गर्तेतून आलेला असतो. मित्र हातात गेल्यानंतर त्याला दुसऱ्या दिवशी फॉर्म भरायला बसवलं तर तोही पुन्हा पन्नीकडे वळू शकतो. नोंद नंतर ठेवता येते: वेळ, जागा, काय घेतलं होतं, किती ॲम्प्यूल वापरले. नाव लिहू नका, अद्याक्षरं पुरेत. आणि वापरलेल्या ॲम्प्यूलच्या जागी नवं त्याच दिवशी डबीत टाका.