आग आणि ड्रमातले पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

मराठवाड्यात उन्हाळ्यात घरातले पाणी ड्रममध्ये मोजून ठेवलेले असते आणि आग दिसली की हात आधी त्या ड्रमकडेच वळतो. पण घरातल्या बऱ्याचशा आगींवर पाणी हा पहिला उपाय नव्हे आणि काही आगींमध्ये तर ते घातकच ठरते.

भजी तळायला ठेवलेली कढई विसरली की तेल आधी धुरकटते आणि मग एकाएकी भडकते. अशा कढईत तांब्याभर पाणी ओतले तर ते तेलापेक्षा जड असल्याने तळाशी जाते, क्षणात त्याची वाफ होऊन ती सुमारे १७०० पट फुगते आणि पेटलेले तेल चहूकडे उडवते. हात पोचत असेल तर शेगडी बंद करावी, परात किंवा मोठे ताट कडेने सरकवत कढईवर ठेवावे आणि कढई जागची हलवू नये. विझली का ते पाहायला लगेच झाकण उचलू नये. मी एकदा तो उतावीळपणा केला आणि भुवयांवर निभावले.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून तो गळला की जमिनीलगत साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. बंद दिवा लावू नये आणि लागलेला दिवाही विझवू नये, कारण बटण दाबताना उडणारी बारीकशी ठिणगीही पुरते. घराबाहेर पडल्यावर १९०६ या क्रमांकावर कळवावे.

विजेच्या आगीत मेन स्विच पाडावा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मात्र भारनियमनामुळे घरोघरी इन्व्हर्टर आले आहेत आणि मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टरवरच्या तारांत प्रवाह राहतो, हे ऐन वेळी आठवत नाही. इन्व्हर्टरही बंद करावा.

आता कामाच्या जागेविषयी. ३१ डिसेंबर २०२३ रोजी पहाटे वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले ६ कामगार दगावले. आगीत बहुतेक माणसे ज्वाळांपेक्षा धुराने गुदमरतात, आणि झोपलेल्या माणसाला धुराच्या वासाने जाग येईलच असे नाही. म्हणून मालकांना कटू वाटले तरी सांगतो, की कामगार आत असताना बाहेरून कुलूप नको आणि मागच्या दारासमोर मालाची थप्पी नको. धूर भरला असेल तर जमिनीलगत रांगत बाहेर पडावे, बंद दार उघडण्यापूर्वी त्याला हाताची मागची बाजू लावून पाहावी आणि ते तापलेले असेल तर दुसरी वाट धरावी. बाहेर आल्यावर माणसे मोजावीत. मोबाईल किंवा पैशांच्या पिशवीसाठी कोणीही परत आत जाऊ नये.

जिनिंगमधल्या कापसाची तऱ्हा निराळी असते: वरून विझलेली गंजी आतून धुमसत राहते आणि काही तासांनी पुन्हा पेट घेते, म्हणून ती उपसून पाहिल्याशिवाय पहारा उठवू नये.

अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ वर फोन करताना गाव, तालुका आणि जवळची ठळक खूण सांगावी. बंब बहुधा तालुक्याच्या गावाहून येतो. आग आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, लागली असेल तर चालकाला अंधारात वाट सापडावी म्हणून बॅटरी देऊन एक माणूस फाट्यावर उभा करावा.

कोणी भाजलेच, तर ड्रमातल्या पाण्याची खरी गरज तिथे असते. भाजलेल्या भागावर साधे गार पाणी सलग २० मिनिटे ओतत राहावे आणि त्यात हात आखडता घेऊ नये. शाई, हळद, टूथपेस्ट काहीही लावू नये. बांगड्या-अंगठ्या सूज येण्यापूर्वी उतरवाव्यात, कातडीला चिकटलेला कपडा ओढून काढू नये आणि जखमेवर स्वच्छ कापड सैलसर टाकून रुग्णाला दवाखान्यात न्यावे.