कळ कोण दाबते? व्हिडिओ गेममधील मॅक्रो आणि लबाडीचा प्रश्न

मित्रहो, मॅक्रो वापरणे, म्हणजे कळांची मालिका स्वतः न दाबता यंत्राकडून दाबवून घेणे, हे चीटिंग का, हा प्रश्न निघाला की त्याचे उत्तर बहुधा उपकरणात शोधले जाते. कीबोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवून ठेवलेली कळांची मालिका चालेल का, कंट्रोलरवरचे टर्बो बटण चालेल का, बाहेरून चालणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, चालेल का, अशी यादी केली जाते आणि प्रत्येक नोंदीपुढे होय किंवा नाही लिहिले जाते. ही यादी कधीच पूर्ण होणार नाही, असे माझे मत आहे. खेळाने खेळाडूकडून काय मागितले होते आणि मॅक्रोने त्यातले काय परस्पर उरकून टाकले, हे पाहिल्याशिवाय कोणत्याही उपकरणाबद्दल निवाडा देता येत नाही.

यंत्र खेळाडूच्या हातून चार वेगवेगळी कामे काढून घेऊ शकते. साधा मॅक्रो एका कळीवर अनेक कळांचे काम सोपवतो, म्हणजे तो फक्त बोटांचे श्रम वाचवतो. त्यात मिलिसेकंदांचा हिशेब घातला की वेळ साधण्याचे कौशल्यही यंत्राकडे जाते. स्क्रिप्टमध्ये अट घातली, म्हणजे अमुक दिसले तर तमुक कर असे सांगितले, की निर्णय यंत्राचा होतो. आणि बॉट, म्हणजे स्वतःच खेळणारा प्रोग्राम, तर याच्याही पुढे जातो, कारण खेळाडू झोपलेला असतानाही तो खेळत राहतो. तिथे माणसाची हजेरीच उरत नाही. वाद घालताना आपण या चारही गोष्टींना एकाच नावाने हाक मारतो आणि मग एकमेकांचे म्हणणे आपल्याला पटत नाही.

टर्बो बटणाचेच पाहा. १९८७ साली निन्टेंडोने एनईएस ॲडव्हान्टेज नावाची जी जॉयस्टिक विकली, तिच्यावर टर्बोची सोय होती. कळ दाबून धरली की ती आपोआप वारंवार दाबली जाई. त्याच सुमारास जपानमध्ये हडसन या गेम कंपनीचे ताकाहाशी मेइजिन हे सेकंदाला सोळा वेळा बटण दाबण्यासाठी प्रसिद्ध होते. बोटांचा वेग हीच जिथे स्पर्धा आहे, तिथे टर्बो बटण त्या स्पर्धेचा अर्थच काढून घेते. जिथे गोळीबार हे नुसते चालू ठेवायचे काम आहे आणि खरी कसोटी शत्रूंच्या माऱ्यातून वाट काढण्याची आहे, तिथे तेच बटण अंगठ्याला थोडी विश्रांती देते, एवढेच.

बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने खेळाची जी व्याख्या केली, तिचा आशय असा की खेळणे म्हणजे अनावश्यक अडथळे स्वखुशीने पत्करून ते पार करण्याचा प्रयत्न करणे. गोल्फचा चेंडू हाताने उचलून खळग्यात टाकणे सर्वांत सोपे असते, पण तसे केले तर गोल्फ खेळल्यासारखे होत नाही. मॅक्रोच्या समर्थनार्थ नेहमी सांगितले जाते की त्यामुळे काम सोपे होते. काम सोपे होते, यात शंका नाही. प्रश्न असा आहे की जो अडथळा दूर झाला, तो सर्वांनी मिळून पत्करलेला होता की केवळ रचनेतली अडगळ होता.

हे ठरवणे किती नाजूक असते, याचे अलीकडचे उदाहरण काउंटर-स्ट्राइक या बंदुकांच्या लढाईच्या गेममध्ये घडले. या खेळात धावता धावता झाडलेली गोळी भरकटते. नेम साधायचा तर आधी थांबावे लागते, आणि नुसती कळ सोडली तर पात्र क्षणभर पुढे सरकतच राहते. म्हणून मुरलेला खेळाडू डावीकडे जाताना डावी कळ सोडतो, निमिषभर उजवी दाबतो, त्याने वेग मारला जातो आणि नेमक्या त्या क्षणी गोळी सुटते. याला काउंटर-स्ट्रेफिंग म्हणतात आणि ते अंगवळणी पडायला शेकडो तासांचा सराव लागतो, कारण दोन कळा एकाच वेळी दाबल्या गेल्या किंवा त्यांच्यात फट राहिली की हिशेब चुकतो. २०२४ साली रेझर कंपनीने आपल्या कीबोर्डमध्ये स्नॅप टॅप नावाची सोय आणली आणि वूटिंग या कीबोर्ड कंपनीनेही तशीच सोय दिली. तीत शेवटी दाबलेली कळ ग्राह्य धरली जाते आणि आधीची कळ, तिच्यावर बोट असले तरी, कीबोर्ड स्वतःच सुटली असे कळवतो. ऑगस्ट २०२४ मध्ये हा खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्हने ही सोय आपल्या अधिकृत सर्व्हरवर नामंजूर केली. जो ती वापरताना आढळेल त्याला सामन्यातून बाहेर काढले जाईल, असे जाहीर झाले.

या निर्णयाविरुद्धचा युक्तिवाद दुबळा नव्हता. कीबोर्ड कोणताही निर्णय घेत नाही, पडदा पाहत नाही, खेळाडूने दाबली नाही अशी एकही कळ दाबत नाही. मग याला स्वयंचलन म्हणायचे कसे? शिवाय महागडा माउस आणि जलद मॉनिटर यांचाही फायदा होतोच, मग एकट्या कीबोर्डवर राग का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की कळ सोडणे हीदेखील कृती आहे, आणि या खेळात ती दाबण्याइतकीच कठीण कृती आहे. दुसऱ्या प्रश्नावर मी अधिक विचार केला आणि मला त्यात एक फरक दिसतो. चांगला माउस हाताची चूकही तितक्याच इमानाने खेळापर्यंत पोचवतो. स्नॅप टॅप ती चूक पोचूच देत नाही. उपकरण हाताचे म्हणणे स्पष्ट करत असेल तर ते साधन आहे, हाताचे म्हणणे दुरुस्त करत असेल तर ते स्पर्धेत उतरले आहे.

मात्र याच निर्णयासोबत उडी आणि हातबॉम्बची फेक एका कळीवर बांधणारे बाइंडही (कळीला नेमून दिलेल्या आज्ञाही) रद्द झाले, आणि ते तर कितीतरी वर्षे राजरोस वापरले जात होते. म्हणजे कालपर्यंत जे सर्रास चालत होते ते एका दिवसात निषिद्ध ठरले. तेव्हा आधीचे सगळे खेळाडू लबाड होते का? अर्थातच नव्हते. सीमारेषा खेळाचा कर्ता आखतो, आणि तो ती हलवूही शकतो.

ही रेषा हलवण्याचा इतिहास स्टारक्राफ्ट या सैन्य उभारून लढण्याच्या गेममध्ये फार ठळक दिसतो. १९९८ च्या मूळ खेळात एका वेळी बाराच पात्रे निवडता येत, प्रत्येक इमारतीवर स्वतंत्रपणे जावे लागे आणि नव्याने तयार झालेल्या कामगाराला खाणीवर स्वतः पाठवावे लागे. आजच्या दृष्टीने ही निव्वळ गैरसोय वाटेल, पण या गैरसोयीतूनच मिनिटाला शेकडो कृती करणाऱ्या कोरियन व्यावसायिक खेळाडूंचे कौशल्य घडले. २०१० मध्ये दुसरा भाग आला तेव्हा कामगार आपोआप खाणीवर जाऊ लागले आणि अनेक इमारती एकत्र निवडता येऊ लागल्या. जुन्या खेळाडूंना हे खेळ पातळ करण्यासारखे वाटले. ज्या सोयीसाठी पहिल्या भागात बाहेरचा प्रोग्राम वापरणाऱ्याला हाकलून दिले असते, तीच सोय दुसऱ्या भागात प्रत्येकाला मिळाली. आणि गंमत म्हणजे त्याच भागात खेळातल्या झर्ग वंशाच्या क्वीन या पात्राला ठरावीक अंतराने अळ्यांची पैदास करायला सांगण्याचे एक नवे हातकाम आले. म्हणजे एक अडथळा काढला आणि दुसरा मांडला. अडथळे नैसर्गिक नसतात, ते निवडलेले असतात, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

स्ट्रीट फायटर ६ या दोघांच्या मारामारीच्या गेमने, २०२३ मध्ये, त्याहून मोकळा मार्ग घेतला. पारंपरिक पद्धतीत विशेष वार करण्यासाठी दिशा आणि बटण यांची किचकट मालिका अचूक साधावी लागते. नव्या मॉडर्न पद्धतीत तोच वार एका बटणावर होतो, पण तशा वाराचा परिणाम वीस टक्क्यांनी कमी असतो. स्वयंचलनाला उघडपणे जागा दिली आणि त्याची किंमतही उघडपणे लावली. ही किंमत योग्य आहे की नाही यावर खेळाडूंनी भांडावे, ते रास्तच आहे. पण समोरचा काय वापरतो हे दोघांनाही ठाऊक असते, त्यामुळे त्या भांडणात कोणी कोणाला लबाड म्हणू शकत नाही.

आता मी ज्या बाजूला सर्वांत कठीण मानतो तिकडे वळतो. स्पर्धात्मक खेळात मॅक्रोला नकार देणे तुलनेने सोपे असते. पण जिथे थेट प्रतिस्पर्धी नसतो, जिथे तासन्‌तास तीच झाडे तोडायची, तेच राक्षस मारायचे आणि आकडे वाढवत बसायचे असतात, अशा कंटाळवाण्या ग्राइंडचे काय? तिथे बॉट लावणारा म्हणतो की या कामात कौशल्य नाही, निर्णय नाही, मौज तर नाहीच. मग हे काम यंत्राने केले तर कोणाचे काय गेले? हा युक्तिवाद मला अर्धा पटतो. एखाद्या खेळाचा मोठा भाग असा असेल की तो यंत्रावर सोपवल्याने खेळणाऱ्याचे काहीच हुकत नाही, तर त्याचा दोष आधी रचनाकाराकडे जातो. २०१६ मध्ये आलेल्या लिनिएज २ : रेव्होल्यूशन या मोबाइल गेममध्ये तर कंपनीनेच आपोआप खेळण्याचे बटण दिले होते.

उरलेला अर्धा मात्र पटत नाही, आणि त्याचे कारण अर्थव्यवहार आहे. अनेकांच्या सामाईक जगात प्रत्येक वस्तूची किंमत ती मिळवायला माणसाचे किती तास लागतात यावरून ठरते. बॉट चोवीस तास लाकूड तोडू लागला की लाकडाचा भाव कोसळतो आणि स्वतः तोडणाऱ्याचे श्रम मातीमोल होतात. बॉट राक्षस मारून नवी नाणी जगात ओतू लागला की दुर्मीळ वस्तूंचे भाव चढतात आणि ज्याच्याकडे फक्त स्वतःचे तास आहेत तो मागे पडतो. इथे समोर प्रतिस्पर्धी दिसत नाही, पण नुकसान सगळ्यांचे होते. १९९७ च्या अल्टिमा ऑनलाइन या अशाच सामाईक जगाच्या गेमने या बाबतीत एक शहाणी रेषा आखली होती. खेळात मॅक्रोची अंगभूत सोय होती आणि कौशल्य वाढवण्यासाठी ती सर्रास वापरली जाई. गुन्हा होता तो जागेवर नसताना मॅक्रो चालू ठेवण्याचा. गेममास्टर, म्हणजे खेळावर देखरेख ठेवणारे कर्मचारी, पात्राजवळ येऊन बोलत, आणि उत्तर आले नाही तर कारवाई होई. कळ कशी दाबली जाते याची त्यांना पर्वा नव्हती, कोणी हजर आहे का एवढेच ते पाहत.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या तशाच सामाईक जगाच्या गेमने निर्णयाची रेषा धरली. त्यातही मॅक्रो खेळातच लिहिता येतात, प्रत्येकी २५५ अक्षरांपर्यंत, आणि ते पूर्णपणे वैध आहेत; पण २००६ च्या अखेरच्या बदलानंतर कोणावर कोणता मंत्र टाकायचा हे लढाईत ॲडऑनने, म्हणजे खेळाला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामने, स्वतः ठरवणे बंद झाले. दाबणे सोपे करा, ठरवणे मात्र तुमचेच, असा तो पवित्रा होता. अर्थात रेषा इथेही सरकली. एकाच माणसाने अनेक खाती एकत्र खेळवण्यासाठी एका कळीचा संदेश सर्व खात्यांना पाठवणारी सॉफ्टवेअर दीर्घकाळ खपवून घेतली गेली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांवर बंदी आली.

याच खेळासाठी ग्लायडर नावाचा बॉट विकला जात असे, आणि त्यावरून झालेला खटला मुद्दाम आठवावा असा आहे. अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये ठरवले की बॉट न वापरण्याची अट मोडणे हा कराराचा भंग आहे, पण तेवढ्याने ते कॉपीराइटचे उल्लंघन होत नाही. कंपनीची बॉट पकडणारी शोधयंत्रणा चुकवण्याची सोय विकणे मात्र वेगळ्या कायद्याने बेकायदा ठरले. दक्षिण कोरियाने तर पुढे अशी साधने तयार करून वाटण्यालाच फौजदारी शिक्षा ठेवली. मला या खटल्यात रस आहे तो न्यायालयाने ठेवलेल्या वेगळेपणामुळे. कंपनीच्या अटी मोडणे आणि सहखेळाडूंना फसवणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अटींच्या कागदात पुष्कळ काही कंपनीच्या सोयीसाठी असते, आणि ते मोडणारा प्रत्येक जण लबाड नसतो. उलट नियमात अद्याप न लिहिलेली युक्ती लपूनछपून वापरणारा, आपण दिलेल्या निकालात यंत्राचा हात आहे हे सांगायला कचरणारा, नियम शाबूत ठेवूनही रडीचा डाव खेळत असतो.

एकट्याने खेळण्याच्या गेमबद्दल फार बोलण्यासारखे नाही. तिथे ज्याने त्याने आपल्या मर्जीप्रमाणे करावे. आपल्या विक्रमाची जाहिरात केली तरच प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर स्पीडरनिंग करणाऱ्यांनी, म्हणजे गेम कमीत कमी वेळात संपवण्याची शर्यत लावणाऱ्यांनी, कधीच दिले आहे. फ्रेमगणिक कळा ठरवून यंत्राकरवी खेळवलेले डाव ते वेगळ्या वर्गात ठेवतात, त्यांचे कौतुकही करतात, कारण ते कशाने घडले हे सर्वांना माहीत असते.

शेवटचा मुद्दा अपंग खेळाडूंचा, आणि माझ्या कसोटीला सर्वांत जास्त ताण इथेच बसतो. ज्याची दोन बोटेच चालतात त्याला उडी आणि फेक एका कळीवर बांधणे ही सवलत नाही, तो प्रवेशाचा दरवाजा आहे. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने अशा खेळाडूंसाठी ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर आणला. बंजी या गेम कंपनीने २०२३ मध्ये धोरण जाहीर करताना सहाय्यक उपकरणे खेळता यावे म्हणून वापरली तर चालतील, पण बंदुकीचा झटका कमी करण्यासारखा फायदा उपटायला वापरली तर कारवाई होईल, असा भेद केला. कागदावर हा भेद मला पूर्ण मान्य आहे. अडचण अशी की सर्व्हरला हेतू दिसत नाही. त्याला फक्त कळांमधले अंतर दिसते, आणि दर वेळी मिलिसेकंदापर्यंत सारखे असणारे अंतर लबाडाच्या मॅक्रोतून आले की अपंग खेळाडूच्या, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. म्हणून स्वयंचलित बंदीनंतर माणसाकडे दाद मागण्याची सोय जिथे नाही, तिथे ही शोधयंत्रणा कितीही अचूक असल्याचा दावा केला तरी मी तिच्या निकालाला चीटिंगचा पुरावा मानणार नाही. निदान ज्याच्यावर बंदी आली त्याला आपण कोणते उपकरण कशासाठी वापरतो हे सांगण्याची संधी मिळाली पाहिजे, आणि ते ऐकणारा कोणीतरी खेळ जाणणारा असला पाहिजे.