दुर्गीचं पुढे काय झालं?

[दृश्य: मांडवीची सकाळ, हातगाड्या, ग्रंथालयाचं दार]

मांडवीच्या या गर्दीतून वाट काढली की बडोद्याचं मध्यवर्ती ग्रंथालय. १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून घेतलं आणि संस्थानभर ग्रंथालयं उभी राहू लागली. जिथे ग्रंथालय नव्हतं, तिथे पुस्तकांच्या पेट्या जात.

[दृश्य: पोलादी मांडण्या, काचेची जमीन, वरून जाणारी पावलं]

ही जमीन काचेची आहे. वरचा उजेड खालच्या मांडण्यांपर्यंत पोचावा म्हणून जाड काचेच्या लाद्या बसवल्या. वर कोणी चाललं की खाली सावली सरकते. मराठीच्या रांगेपाशी जरा थांबू.

[दृश्य: पुस्तकाचा कणा, मग पहिलं पान]

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ पुण्याच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० पासून ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. यमू आपली गोष्ट स्वतःच सांगते, घरात बायका बोलतात तशा मराठीत.

[दृश्य: दांडिया बाजार, जुन्या घराची ओसरी, सतरंजी]

या ओसरीवर दर सोमवारी दुपारी ती अजूनही क्रमशःच येते. नियम बायकांनी स्वतः घातलेत. एका बैठकीला एक प्रकरण. मोठ्याने वाचायचं, आळीपाळीने. पुढचं पान उलटायचं नाही. त्यासाठी न वाचलेल्या पानांना चक्क दोरा बांधलाय, आणि तो सोडायचा मान घरच्या काकूंचा.

[क्लोजअप: दोऱ्याची गाठ, काकूंची बोटं]

गाठ सुटेपर्यंत मागच्या सोमवारची उजळणी होते. ती बऱ्याचदा प्रकरणापेक्षा लांबते!

यमू आणि दुर्गी लहानपणच्या मैत्रिणी. एकीला नवरा लिहायला-वाचायला शिकवतो, दुसरीच्या वाट्याला नवऱ्याचा जाच येतो. पुस्तक सलग वाचणाऱ्याला दुर्गी मधूनमधून डोकावणारं पात्र वाटेल. इथे आठवडाभर वाट पाहावी लागते, त्यामुळे भाजी निवडतानाही तिची चौकशी होते, शेजारच्या आळीत दिलेल्या मुलीची करावी तशी. यमूच्या वैधव्यावर आणि केशवपनावर समीक्षकांनी भरपूर लिहिलंय, लिहायलाच हवं होतं. पण या दोघींच्या मैत्रीसाठी ही कादंबरी हातात घ्यावी, हे आम्हाला या सतरंजीवर बसल्यावर पटलं.

[दृश्य: वाचणारी तरुण मुलगी, ओळीवरून सरकणारं बोट]

ही गुजराती माध्यमात शिकलेली. मराठी फडाफडा बोलते, वाचताना जोडाक्षरापाशी अडखळते. गुजराती लिपीत डोक्यावरची रेघ नसते, नजर बसायला वेळ लागतो. तिची पाळी आली की कोणी घाई करत नाही. अडलं तर शब्द पुरवायचा नाही, हाही नियमच. शहरातल्या मराठी शाळा रोडावल्या, त्याचा हा परिणाम.

[दृश्य: दुर्गीचा प्रसंग, ऐकणाऱ्यांचे चेहरे. निवेदन नाही, फक्त वाचनाचा आवाज]

[दृश्य: चहा, गलका, हशा]

गलका कशाचा? याच मुलीने रात्री मोबाइलवर पुढची प्रकरणं वाचून काढली. दुर्गीचं काय होतं ते कळल्याशिवाय झोप येईना म्हणे. अडखळत का होईना, एका रात्रीत एवढं मराठी वाचलं, याचं कौतुक काकूंच्या चेहऱ्यावर लपत नाही. दंड मात्र माफ नाही: पुढच्या सोमवारी सगळ्यांसाठी सेव खमणी, आणि तोवर तोंडातून दुर्गीबद्दल अवाक्षर काढायचं नाही.