लेन बंद होते तिथे

डांबरीकरणासाठी एक लेन बंद आहे. रस्त्यावर मांडलेल्या शंकूंची, म्हणजे ट्रॅफिक कोनांची, तिरकी रांग गाड्यांना शेजारच्या लेनमध्ये सरकवते. ती किती लांब हवी? भरधाव रस्त्यांसाठी हिशेब सोपा आहे: लेनची रुंदी गुणिले ताशी वेग, भागिले १.६. साडेतीन मीटरची लेन आणि १०० किलोमीटरचा वेग धरला, तर जवळपास २२० मीटर. कोन कमी पडले की नेमकी हीच रांग आखडते, आणि चालकांना ऐनवेळी स्टिअरिंग मारावं लागतं.

एकाच कामावर अपघात इतके थोडे होतात, की त्यावरून निष्कर्ष निघत नाही. म्हणून अभ्यासक थोडक्यात टळलेले अपघात मोजतात. खांबावरच्या कॅमेऱ्यातून प्रत्येक गाडीचा माग काढायचा. दोन गाड्या आहेत त्याच वेगानं जात राहिल्या तर किती सेकंदांत आदळतील, ते काढायचं. उत्तर दीड सेकंदाच्या खाली आलं, की प्रसंग गंभीर धरतात. वेग मोजणारा माणूस मात्र दिसता कामा नये. चमकदार जॅकेट आणि हातात रडारगन दिसली, की सगळेच शहाण्यासारखे चालवतात!

कामाच्या पट्ट्यात मागून धडक हा नेहमीचा प्रकार. तुंबलेल्या गाड्यांचं शेपूट पहिल्या इशाराफलकाच्याही मागे गेलं, तर चालकाला आधी थांबलेला ट्रक दिसतो आणि मग फलक. ताशी १०० च्या वेगात, ब्रेकवर पाय पडायला अडीच सेकंद लागले, तर तेवढ्यात ७० मीटर गेलेले असतात.

आता कामगाराचं जॅकेट पाहू. फ्लोरोसंट कापड दिवसा उठून दिसतं, कारण ते उन्हातल्या अतिनील किरणांचं दृश्य प्रकाशात रूपांतर करतं. रात्री भिस्त परावर्तक पट्ट्यांवर. त्या फक्त छातीवर असतील, तर लांबून नुसता एक चमकता ठिपका दिसतो. तो रस्त्यात अडथळा म्हणून ठेवलेला चमकत्या पट्ट्यांचा ड्रमही असू शकतो. मनगट, गुडघे, घोट्यांवर पट्ट्या लावल्या, की चाल ओळखू येते आणि हा माणूस आहे हे चालकाला बरंच आधी कळतं. पट्टीवर डांबर-धूळ बसली, की चमक गेलीच.

गाडी कोन तोडून आत घुसली तर वाजणारे भोंगेही तपासले जातात. वारंवार उगाच वाजले, तर कोणी लक्ष देत नाही. जुनं डांबर खरवडणाऱ्या मिलिंग मशीनच्या शेजारी, कानात बोळे घातलेल्या माणसाला ते ऐकू येतात का, हीच खरी परीक्षा. मध्ये ६० मीटर मोकळी जागा आणि गाडीचा वेग ताशी ८० असेल, तर ऐकून, वळून, बाजूला व्हायला त्याच्याकडे पावणेतीन सेकंदही नसतात.