हॅलोजन गेला, डिमर राहिला

नमस्कार श्रोतेहो.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्यांनी दिवाणखान्यात पीओपीचं सीलिंग करून घेतलं, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या छतात आजही गोल, वाटीएवढे छोटे हॅलोजन दिवे असतील. मांडवाबाहेर किंवा बांधकामावर लावतात तो पाचशे वॉटचा हॅलोजन वेगळा. मी बोलतो आहे ते दोन इंच व्यासाच्या, ५० वॉटच्या स्पॉटबद्दल. त्याच्या सोबतीला भिंतीवरच्या बोर्डात फिरवायचं बटण असतं, म्हणजे डिमर. पाहुणे आले की पूर्ण उजेड, टीव्ही लावला की मंद. हे दिवे आता एकेक करून जात आहेत, दुकानात तसेच मिळणं अवघड होत चाललं आहे, आणि त्यांच्या जागी एलईडी लावायची वेळ आली आहे. आज तेवढंच बोलायचं आहे, पण नीट बोलायचं आहे, कारण डिमर असलेल्या घरात हे काम होल्डरमधला बल्ब काढून दुसरा बसवण्याइतकं सरळ नसतं.

आधी बदलायचं कशासाठी ते बघू. दिवाणखान्यात असे १० दिवे आहेत असं धरा. दहा गुणिले ५०, म्हणजे ५०० वॉट. रोज ५ तास लावले तर अडीच युनिट, महिन्याला ७५ युनिट. तेवढाच उजेड देणारा एलईडी साधारण ६ वॉटचा असतो. दहांचे मिळून ६० वॉट, महिन्याला ९ युनिट. म्हणजे ६६ युनिट वाचले. आता एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडे महावितरणचं घरगुती बिल टप्प्याटप्प्यानं चढतं: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा, त्यापुढे आणखी चढा. वाचलेले युनिट नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातून कमी होतात. म्हणून बचत सरासरी दरानं मोजली तर ती कमी दिसते, प्रत्यक्षात जास्त असते.

दुसरं कारण उष्णतेचं. हॅलोजनला दिलेल्या विजेतला फारच थोडा भाग उजेड होतो, बाकी सगळी उष्णता. एप्रिल-मे महिन्यात विदर्भात नाहीतर मराठवाड्यात बंद खोलीत ५०० वॉटची शेगडी छताला टांगून वर पंखा किंवा एसी चालवायचा, यात काही अर्थ नाही. छतातल्या एखाद्या जुन्या स्पॉटची रिंग खाली ओढून बघा. भोवतीचं पीओपी तपकिरी पडलेलं असतं. मागच्या वायरचं आवरण कडक झालेलं असतं, बोटानं वाकवलं तर तडकतं. चिनी मातीच्या होल्डरमधल्या पितळी पट्ट्या काळ्या पडलेल्या दिसतात. नवा दिवा लावताना ही शेवटची वीतभर वायर आणि तो होल्डर दोन्ही बदलून घ्या. दिव्यावर खर्च करायचा आणि जळकी वायर तशीच ठेवायची, असं करू नका.

आता मूळ मुद्दा. डिमर नेमकं करतो काय?

आपल्या घरातला वीजप्रवाह सेकंदाला ५० आवर्तनं करतो. प्रत्येक आवर्तनाचे दोन अर्धे, म्हणजे सेकंदाला १०० वेळा लाट वर येते आणि खाली बसते. जुन्या डिमरमध्ये ट्रायॅक नावाचा एक भाग असतो. तो प्रत्येक लाटेचा सुरुवातीचा तुकडा कापून टाकतो आणि उरलेला दिव्याकडे सोडतो. बटण जितकं मागे फिरवाल तितका मोठा तुकडा कापला जातो. हॅलोजनमध्ये टंगस्टनची तार असते. ती इतकी तापलेली असते की लाटेतल्या या खंडाचा तिच्यावर परिणामच होत नाही, ती फक्त थोडी कमी तापते आणि उजेड सावकाश मंद होतो.

एलईडीचं तसं नाही. त्याच्या बुडाशी एक छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्याचं कामच मुळी येणारा दाब कमी-जास्त झाला तरी आत एकसारखा प्रवाह राखणं. डिमर लाट कापतो आणि ड्रायव्हर ती भरून काढायला बघतो. मग दिवा लुकलुकतो, गुणगुणतो, नाहीतर काही दिवसांत बंद पडतो. डिमेबल एलईडीचा ड्रायव्हर कापलेली लाट ओळखतो आणि त्या मानानं उजेड कमी करतो. म्हणून खोक्यावर ‘डिमेबल’ असं छापलेलं हवं. नसेल, तर तो दिवा डिमरवर लावूच नका. केंद्र सरकारच्या उजाला योजनेतून २०१५ पासून देशभर कोट्यवधी एलईडी बल्ब घरोघरी गेले. फार मोठं काम झालं. पण ते साधे बल्ब आहेत, डिमरसाठीचे नाहीत.

एवढ्यानं भागत नाही. डिमरलाही खालची मर्यादा असते. जुन्या डिमरवर ‘६० ते ४०० वॉट’ असं काहीसं लिहिलेलं आढळतं. पैकी तो साठचा आकडा महत्त्वाचा. ट्रायॅक चालू राहायला त्यातून थोडा तरी प्रवाह वाहत राहावा लागतो. ५० वॉटचे चार हॅलोजन होते तेव्हा २०० वॉट होते, काही अडचण नव्हती. त्याच जागी ६ वॉटचे चार एलईडी आले की भार २४ वॉट. ट्रायॅक मध्येच सुटतो, पुन्हा लागतो, पुन्हा सुटतो, आणि दिवे थरथरतात. दोष दिव्याचा नसतो, पण दुकानदाराकडे परत जातो तो दिवाच.

काही वायरमन यावर एक तोड काढतात. चारपैकी एक हॅलोजन तसाच ठेवतात, म्हणजे भार पुरतो. दिवे थरथरायचे थांबतात हे खरं, पण ५० वॉट जळत राहतात आणि एका कोपऱ्यातला उजेड पिवळा, बाकीचा वेगळा. मला हे पटत नाही. त्यापेक्षा एलईडीसाठीचा डिमर आणा. तो लाटेचा शेवट कापतो, त्याला दुकानात ‘ट्रेलिंग एज’ म्हणून विचारा. थोडा महाग पडतो, पण फार कमी भारावरही शांत चालतो. वरच्या मर्यादेचंही सांगून ठेवतो: जुन्या डिमरवर ४०० वॉट लिहिलं असलं तरी एलईडीच्या बाबतीत त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे ४० वॉटच धरावा. दिवा लागताना क्षणभर जो झटका घेतो, त्यासाठी ही सोय.

तुमचे स्पॉट १२ व्होल्टचे असतील, तर छतात आणखी एक पात्र आहे: ट्रान्सफॉर्मर. ओळखायचं कसं? दिव्याच्या मागे दोन बारीक, टोकदार पिना असतील तर १२ व्होल्ट. दोन जाड, डोक्याशी फुगीर पाय असतील आणि दिवा फिरवून अडकवावा लागत असेल, तर थेट २३० व्होल्ट. हॅलोजनसाठीच्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरलाही किमान भार लागतो. ६ वॉटच्या दिव्यावर तो कित्येकदा सुरूच होत नाही. आणि भिंतीत डिमर, छतात ट्रान्सफॉर्मर, दिव्यात ड्रायव्हर, अशी तिघांची जुळणी बसवणं म्हणजे नशिबाचा भाग. माझा सल्ला स्पष्ट आहे. ट्रान्सफॉर्मर काढून टाका, २३० व्होल्टचे होल्डर बसवा आणि त्यात २३० व्होल्टचे डिमेबल दिवे लावा. हे काम वायरमनकडून करून घ्या, मेन स्विच पाडून.

आता उजेडाच्या रंगाकडे येतो, आणि इथे थोडा रेंगाळणार आहे, कारण लोक नाराज होतात ते बहुतेक इथेच.

उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. हॅलोजनचा उजेड २७०० ते ३००० केल्विनच्या आसपास असतो, ऊबदार, पिवळसर. आपल्याकडे दुकानात एलईडी मागितला की न विचारता ६५०० केल्विनचा, निळसर पांढरा ‘कूल डेलाइट’ हातात ठेवतात. स्वयंपाकघराच्या ओट्यावर चालेल तो. डिमर असलेल्या खोलीत मात्र अजिबात नको. हॅलोजन मंद केला की तार कमी तापते आणि उजेड आणखी तांबूस होतो. साधा डिमेबल एलईडी मंद होतो पण रंग बदलत नाही. म्हणून ६५०० चा दिवा मंद केला की खोली राखाडी, उदास दिसते. २७०० चाच घ्या. मंद होताना तांबूस होत जाणारे ‘डिम टू वॉर्म’ दिवेही मिळतात. देवघरासाठी आणि निजायच्या खोलीसाठी त्यांना जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

दुसरा आकडा सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचं माप. हॅलोजनचा जवळजवळ १००. पांढऱ्या एलईडीत मुळात निळा प्रकाश देणारी चकती असते आणि तिच्यावर पिवळसर लेप. त्या निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना. पण या रचनेत गडद लाल रंग कमी पडतो. सीआरआय ८० च्या दिव्याखाली पैठणीचा लाल काठ मातकट दिसतो, ताटातला टोमॅटो शिळा वाटतो आणि माणसांचे चेहरे थकलेले. ९० किंवा त्यावरचा दिवा घेतला की फरक तिथल्या तिथे कळतो. खोक्यावर हा आकडा बारीक अक्षरात असतो, शोधावा लागतो.

आणखी एक बाब. ‘१० टक्क्यांपर्यंत मंद होतो’ असं लिहिलेलं असतं. डोळ्याला मात्र १० टक्के उजेड साधारण तीस टक्क्यांसारखा भासतो. रात्री आजीला उठून बाथरूमला जाताना डोळ्यावर येणार नाही इतका मंद दिवा हवा असेल, तर ५ टक्के किंवा त्याखाली जाणारा दिवा मागा.

बटण बंद केलं तरी एलईडी अंधारात मिणमिणतो, अशी तक्रार बऱ्याच घरांत असते. बहुतेक वेळा कारण दोनांपैकी एक. बटणात लाल इंडिकेटर आहे आणि त्यातून झिरपणारा प्रवाह एलईडीला पुरतो, किंवा वायरिंग करताना बटण फेजऐवजी न्यूट्रलवर टाकलं आहे. दुसरं कारण धोक्याचं आहे, कारण बटण बंद असूनही होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो. वायरमनला टेस्टर लावून बघायला सांगाच.

पंख्याच्या रेग्युलेटरवर दिवा लावू नका. भाड्याच्या घरात बोर्ड उघडता येत नसेल, तर बटण बंद-चालू केलं की तीन पायऱ्यांत उजेड बदलणारे बल्ब मिळतात. तेही साध्या बटणावरच, डिमरवर नाही.

खरेदीला पुण्यात तपकीर गल्लीत जा, मुंबईत लोहार चाळीत जा, नाहीतर गावातल्या नेहमीच्या दुकानात, पण दहा दिवे एकदम उचलू नका. जुन्या डिमरवर वॉट किती लिहिलेत ते बघून जा, जमल्यास त्याचा फोटो न्या. आधी एका बटणावर जेवढे दिवे आहेत तेवढेच आणा, सगळे लावा आणि बटण अगदी तळाशी नेऊन दोन मिनिटं थांबा. गुणगुण येते का ऐका. मोबाईलचा कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून दिव्याकडे धरा, डोळ्याला न दिसणारी थरथर तिथे दिसते. मग दिवा बंद करून, बटण तळाशीच ठेवून, पुन्हा लावा. काही दिवे तळातून सुरूच होत नाहीत. तसं झालं तर डिमरवरचा बारीक स्क्रू फिरवून खालची मर्यादा थोडी वर घेता येते, एलईडीच्या बऱ्याच डिमरना ती सोय असते. या सगळ्यात पास झाले, की उरलेल्या बटणांसाठी त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे दिवे आणा. आणि बिल, खोकं दोन्ही जपून ठेवा, गॅरंटी बहुधा दोन वर्षांची असते.

नमस्कार.