हसवायला चालतो, प्रेम करायला नाही

(दृश्य: दूरचित्रवाणीचा स्टुडिओ. झगमगते दिवे, प्रेक्षकांचा गलका.)

जुलै २०२३. फिलिपिन्समधल्या ‘इट्स शोटाइम’ या दुपारच्या लोकप्रिय कार्यक्रमात लहान मुलांचा एक भाग सुरू आहे. समोर केक आहे. सूत्रसंचालक व्हाइस गान्दा आणि त्यांचे जोडीदार आयन पेरेझ केकवरचं आयसिंग बोटाने उचलून खातात. घडलं ते एवढंच.

पण तक्रारी झाल्या. मुलांसमोर हे अशोभनीय वर्तन आहे, असं ठरवून सरकारी चित्रपट आणि दूरचित्रवाणी परीक्षण मंडळाने सप्टेंबरमध्ये कार्यक्रमावर बारा दिवसांची बंदी घातली. ऑक्टोबरमध्ये ती अमलातही आली.

व्हाइस गान्दा २००९ पासून या कार्यक्रमात आहेत. रंगीबेरंगी विग, चमचमते कपडे आणि धारदार जीभ घेऊन एक उघडपणे समलैंगिक कलाकार तेव्हापासून अख्ख्या देशाला जेवणाच्या वेळी हसवतोय. शेजारी त्याचा प्रियकर उभा राहिला आणि दोघांनी एकच केक खाल्ला, तेव्हा मात्र वातावरण बदललं. दोघांनी २०२१ मध्ये लग्न केलं होतं, तेही अमेरिकेत, लास वेगासला. मायदेशात त्यांना लग्न करताच येत नाही.

फिलिपिन्सच्या पडद्याने समलैंगिक पुरुषाला कधी हाकलून दिलं नाही. त्याला जागा दिली, टाळ्या दिल्या, पैसाही दिला. अट एकच घातली: तू एकटा राहा.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. चित्रपटगृहाबाहेरची रांग.)

ही अट फार जुनी आहे. १९५४ मध्ये ‘जॅक एन जिल’ नावाचा विनोदी चित्रपट आला. त्यात बायकी चालीचा, लाडिक बोलणारा तरुण साकारला होता डॉल्फी या नटाने. लोक खुर्चीतून पडेपर्यंत हसले, आणि पुढे डॉल्फी देशाचा ‘विनोदाचा राजा’ झाला. १९६९ च्या ‘फासिफिका फालायफाय’मध्ये त्याने असाच मुलगा रंगवला. आईला मुलगी हवी होती, म्हणून तिने मुलालाच मुलीसारखं वाढवलं. शेवटी तो एका तरुणीच्या प्रेमात पडतो आणि ‘खरा पुरुष’ होतो. प्रेक्षक समाधानाने घरी जातात.

असे शेवट नंतर कितीतरी चित्रपटांत दिसतात. कधी प्रेमाने बरं करायचं, कधी माराने. बाप मुलाचं डोकं पाण्याच्या पिंपात दाबून ‘पुरुष आहेस की बाक्ला?’ असं विचारतो, हा तिथला ओळखीचा विनोदी प्रसंग आहे. बाक्ला म्हणजे बायकी वळणाचा समलैंगिक पुरुष. पिंपात बुडणारं ते पोर पाहून चित्रपटगृह हसतं. त्याच अंधारात असंच एखादं पोर आपल्या बापाशेजारी बसलेलं असेल, तर ते त्या क्षणी काय शिकत असेल? मला या विनोदाचा राग येतो, आणि तो लपवायची गरज वाटत नाही.

(दृश्य: केशकर्तनालय. आरसा, कंगवे, हेअर ड्रायर.)

मग १९७८ साली लिनो ब्रोका या दिग्दर्शकाने त्याच डॉल्फीला घेतलं आणि चित्रपट केला ‘आंग ताताय काँग नानाय’. मराठीत सांगायचं तर ‘माझे बाबाच माझी आई’. कोरिंग हा पार्लरमध्ये काम करणारा बाक्ला. ज्याच्यावर त्याचा जीव आहे तो तरुण स्वतःचं तान्हं मूल त्याच्याकडे सोडून निघून जातो. कोरिंग ते मूल वाढवतो. पोराला लाज वाटू नये म्हणून त्याच्यासमोर पुरुषी कपडे घालतो, आवाज जाड करतो. ज्या नटाने पंचवीस वर्षं बायकी हातवारे करून हशा मिळवला, तोच इथे ते हातवारे दाबून टाकण्याचा अभिनय करतो. हसू येतं, पण घशातच अडकतं. पुढे श्रीमंत आई मुलाला न्यायला येते, आणि मूल आपलं खरं घर कोणतं ते स्वतः ठरवतं. ब्रोका स्वतः समलैंगिक होते. त्यांनी कोरिंगची चेष्टाही केली नाही आणि त्याला संतही बनवलं नाही. तरीही कोरिंगच्या वाट्याला वात्सल्य आलं, प्रियकर नाही.

डॉल्फीची आणखी एक भूमिका सांगायलाच हवी. २००० सालच्या ‘मार्कोव्हा: कम्फर्ट गे’मध्ये त्यांनी वॉल्टर डेम्प्स्टर ज्युनियर साकारले. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैनिकांनी ज्यांना लैंगिक गुलामगिरीत ढकललं, त्यांच्यातली ही खरी व्यक्ती. तरुणपणीचा वॉल्टर डॉल्फींच्याच मुलांनी रंगवला. पिंपाच्या विनोदापासून इथवर यायला त्या चित्रपटसृष्टीला जवळपास अर्धं शतक लागलं.

(दृश्य: रात्रीचं केझॉन सिटी. कॉमेडी बारच्या पाट्या.)

व्हाइस गान्दा घडले ते कॉमेडी बारमध्ये. गाणं म्हणायचं, मध्येच समोरच्या गिऱ्हाइकाची टर उडवायची, स्वतःच्या रूपाचीही उडवायची. २०११ मध्ये त्यांच्या ‘प्रेबेट बेंजामिन’ने त्या वेळेपर्यंतचा फिलिपिनो कमाईचा विक्रम मोडला. लष्करी घराण्यातला नाजूक नातू सैन्यात भरती होतो, अशी ती कथा. तिकीटखिडकीवर समलैंगिक नायक चालतो हे त्याने सिद्ध केलं. तो हसवत राहिला तर.

२०१३ मध्ये जीएमए वाहिनीने रात्रीच्या मुख्य वेळेत ‘माय हजबंड्स लव्हर’ ही मालिका आणली. लग्न झालेला एक पुरुष, त्याची पत्नी, आणि त्याचं जुनं प्रेम असलेला दुसरा पुरुष. दोन्ही पुरुष साधे, नीटनेटके, पँट-शर्टातले. त्यांच्याकडे पाहून हसता येत नव्हतं. चर्चच्या गोटातून नाराजी आली. लोकांनी मात्र मालिका उचलून धरली, आणि फसवल्या गेलेल्या पत्नीचं दुःखही तितकंच जिव्हाळ्याने पाहिलं.

त्याच वर्षी प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेच्या पाहणीत ७३ टक्के फिलिपिनो म्हणाले, समाजाने समलैंगिकता स्वीकारावी. २०१८ मध्ये तिथल्याच सोशल वेदर स्टेशन्स या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेने विचारलं की दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या सहजीवनाला कायद्याची मान्यता द्यावी का. ६१ टक्के लोक विरोधात गेले. देशात दहापैकी जवळपास आठ माणसं कॅथलिक आहेत, हे त्यामागचं एक मोठं कारण. पण पडद्याने पिढ्यानपिढ्या जे दाखवलं, तेही या दोन आकड्यांमधल्या दरीत आहे असं मी मानतो. जो कायम एकटा दिसतो त्याच्या संसाराचा विचार कोण करणार? समलैंगिकांशी होणारा भेदभाव रोखणारं विधेयक २००० मध्ये पहिल्यांदा संसदेत आलं आणि नंतर पुन्हा पुन्हा मांडलं गेलं, पण वर्षानुवर्षं रखडलं.

(दृश्य: मोबाइलचा पडदा. व्हिडिओ कॉलच्या दोन चौकटी.)

मे २०२०. टाळेबंदी. यूट्यूबवर ‘गेमबॉइज’ ही मालिका सुरू झाली. कायरो आणि गॅव्हरील ही दोन पोरं ऑनलाइन खेळात भेटतात आणि आपापल्या घरात अडकून पडलेली असतात. चित्रीकरणही तसंच झालं, नट आपापल्या घरी. यात कुणाचा विग नाही, कुणाची टर नाही. कायरोचे वडील कोविडने रुग्णालयात आहेत, आणि पडद्यापलीकडचा मुलगा त्याला जेवलास का विचारतो, चिडवतो, रडू देतो. मालिकेला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं. पुढच्या वर्षी याच जोडीवर चित्रपट आला. त्यात दोघं एका घरात राहतात, भांडतात, आणि आलेल्या पाहुण्यांची सोय लावतात.