मयत, वय अदमासे पस्तीस

[दृश्य : पंचांगाचे पान, भाद्रपद वद्य चतुर्दशी]

ज्या तिथीला माणूस गेला, त्या तिथीला पितृपक्षात त्याचे श्राद्ध करावे, अशी आपल्याकडची रीत आहे. चतुर्दशी मात्र या रितीला अपवाद आहे. त्या दिवसापुढे पंचांगात ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ असे छापलेले असते, कारण शस्त्राने, विषाने किंवा अपघाताने ज्यांना मरण आले त्यांच्यासाठी ती तिथी राखून ठेवलेली आहे. आमच्या घरी पणजोबांचे वर्षश्राद्ध आश्विनाच्या वद्य पक्षात होते. पितृपक्षात मात्र त्यांच्या नावाचे पान चतुर्दशीला वाढले जाते. हे असे का, हे घरात कोणी विचारत नसे आणि कोणी सांगतही नसे. तरीही ही रीत पाळता पाळता आमच्या घराण्याने एका खुनाची नोंद शंभर वर्षांहून अधिक काळ जपून ठेवली होती.

माहिती म्हणून जे काही होते ते आत्याआजीने सांगितलेले होते. मानमोडीच्या साली, सामाईक विहिरीवर, पाण्याच्या पाळीवरून भाऊबंदाने कुऱ्हाड घातली. पणजीच्या डोळ्यांदेखत घातली. आणि पुढे त्याला फाशी झाली. गाव पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, पावसाने नेहमीच हात आखडता घेतलेल्या पट्ट्यातले आहे. त्याचे नाव या माहितीपटात घेतलेले नाही आणि त्याचे कारण पुढे येईल.

मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. त्या वर्षीचा आश्विन वद्य पक्ष ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या तीन दिवसांत येतो. साथीने गावेच्या गावे झोपवली होती ती याच सुमारास, आणि त्यातच पावसाने दगा दिल्यामुळे खरीप हातचे गेले होते. विहिरीतल्या हातभर पाण्यावरून माणसे एकमेकांच्या जिवावर उठावीत असे ते वर्ष होते, आणि साल एकदा नक्की झाल्यावर पहिली वाट गाव नमुना चौदाकडे जात होती.

[दृश्य : मोडी लिपीतील मृत्यूनोंदीचे पान, रकान्यांवरून सरकणारा कॅमेरा]

गाव नमुना चौदा म्हणजे गावची जन्ममृत्यूची नोंदवही. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभरातल्या अशा नोंदवह्या मोठ्या प्रमाणावर तपासल्या गेल्या, मोडी जाणकार बसवून वाचल्या गेल्या आणि स्कॅन झाल्या. या शोधात सगळ्यांचे बोट जातीच्या रकान्यावर होते. त्याच ओळीत मृत्यूच्या कारणाचाही रकाना असतो आणि आम्हाला तो वाचायचा होता.

सरकारच्या आरोग्य खात्याला मृत्यूची कारणे ठरावीक सदरांत हवी असत : पटकी, देवी, प्लेग, ताप, पोटाचे विकार, इजा आणि इतर. मेलेला माणूस यांपैकी कोणत्यातरी एका सदरात बसवणे भाग असे. आमच्या गावच्या ऑक्टोबर १९१८ च्या पानावर वरपासून खालपर्यंत ताप आहे. सुरुवातीला लिहिणाऱ्याने शब्द पूर्ण लिहिला आहे, मग तो आखडत गेला आहे, आणि पानाच्या मध्यापासून तर नुसती आडवी रेघ ओढलेली आहे. तान्ही मुले, बाळंतिणी, कर्ते पुरुष, सगळ्यांपुढे तीच रेघ. आणि त्या रेघांच्या मध्ये एका ओळीत शाई पुन्हा दाट झाली आहे : पुरुष, वय अदमासे पस्तीस, कारण इजा. खून हा शब्द कुठेही नाही. साप चावलेला, विहिरीत पडलेला आणि कुऱ्हाडीने मारलेला अशी तिन्ही माणसे सरकारी हिशेबात ‘इजा’ याच सदराखाली जात. नाव आणि तारीख जुळत असली, तरी या एका नोंदीवरून एवढेच सिद्ध होते की पणजोबा तापाने गेले नाहीत.

[दृश्य : जुन्या वृत्तपत्रांचे बांधीव खंड]

त्यानंतर वृत्तपत्रे. १८८१ साली निघालेला ‘केसरी’ तेव्हा साप्ताहिक होता, तर १८४९ साली सुरू झालेला ‘ज्ञानप्रकाश’ १९०४ पासून दैनिक झालेला होता. खेड्यातल्या खुनाची बातमी साप्ताहिकापेक्षा दैनिकात सापडण्याचा संभव अधिक, कारण दैनिकाला रोज जागा भरायची असते. पण ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१८ ची पाने उघडली की साथ आहे, दुष्काळ आहे, व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी विलायतेला गेलेल्या टिळकांविषयीची उत्सुकता आहे, आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात महायुद्ध संपल्याच्या तारा आहेत. अशा दिवसांत जिल्ह्यातल्या एका खुनाला किती जागा मिळणार?

जुन्या वृत्तपत्रांत पूर्वजाचा शोध घेणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आडनाव शोधत बसू नये, गावाचे नाव शोधावे. बातमीदाराच्या लेखी मेलेला माणूस बहुधा ‘अमुक गावचा एक शेतकरी’ एवढाच असतो, आणि नाव दिले असलेच तरी ते कानावर पडले तसे लिहिलेले असते. शिवाय घटनेच्या तारखेवर थांबू नये. चौकशी, कमिटल (म्हणजे मॅजिस्ट्रेटने आरोपीला सेशन्स कोर्टाकडे पाठवणे) आणि सेशन्स अशा प्रत्येक टप्प्यावर बातमी पुन्हा डोके वर काढू शकते. आम्हाला ती मिळाली ती डिसेंबरात, पुण्याच्या तेव्हाच्या एका वृत्तपत्रात, पाच ओळींची. विहिरीच्या पाण्याच्या तंट्यावरून चुलत भावाने कुऱ्हाड मारली, आरोपीस सेशन्स कमिट केले, एवढाच मजकूर. पणजोबांचे नाव त्यात चुकीचे छापले आहे. आरोपीचे मात्र बरोबर आहे.

फाशीची गोष्ट पडताळणे त्या मानाने सोपे होते. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७४ नुसार सेशन्स कोर्टाने दिलेली फाशीची शिक्षा हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात येत नसे, आणि म्हणून अशा प्रत्येक शिक्षेचा माग मुंबईपर्यंत निघतो. आमच्या प्रकरणाचा माग तिथे नव्हता. फाशी झालेली नव्हती. मग झाले काय, हे सांगणारी सेशन्सची मूळ फाइल मुदत संपल्यावर केव्हाच नष्ट झालेली होती. फौजदारी कागद अमुक वर्षांनंतर निकाली काढायचे, असा नियमच आहे.

या ठिकाणी शोध थांबला असता. पुण्यातल्या एका ज्येष्ठ वकिलांनी मात्र एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली. फौजदारी खटल्यात फिर्यादी सरकार असते. मेलेल्याचे घर त्यात फार तर साक्षीदार असते; त्याला निकालाचा कागद देण्याचे कोणालाच कारण नसते. अपील करायचे असते ते आरोपीला, आणि निकालाची नक्कल घेतो तोच. म्हणजे खुनाचा कागद मिळालाच तर तो ज्याच्या घरचा माणूस मेला त्याच्याकडे नव्हे, ज्याने मारला त्याच्या घरी मिळणार.

[दृश्य : लोखंडी पेटी, पिवळी पडलेली टंकलिखित पाने, कोर्ट फी स्टॅम्प]

ते घर आमच्या भाऊबंदांचेच आहे, आडनाव एकच आहे आणि शेतेही लागून आहेत. त्या घरातल्या वडीलधाऱ्या काकांनी आमचे म्हणणे ऐकून घेतले, दोन दिवस विचार केला आणि मग स्वतः पेटी उघडून दिली. कागद दाखवा, पण गाव, गट नंबर आणि नाव दाखवू नका, एवढीच त्यांची अट होती. ही अट आम्ही अनिच्छेने मान्य केलेली नाही. त्यांच्या नातवंडांना गावात राहायचे आहे, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळचे उत्तर त्यांच्याकडे मागण्याचा आम्हाला काहीही अधिकार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

निकाल इंग्रजीत आहे. मोटेची पाळी कोणाची यावरून आधी शब्दाला शब्द लागला, मग हातघाई झाली आणि त्या भरात आरोपीने जवळच पडलेली कुऱ्हाड उचलली. पूर्वनियोजन दिसत नाही, असे न्यायाधीशांनी म्हटले आहे. तेव्हाच्या दंडविधानाच्या कलम ३०० ला जे अपवाद होते, त्यांतला चौथा अचानक उद्भवलेल्या मारामारीचा होता. त्याचा फायदा देऊन खुनाच्या कलम ३०२ ऐवजी सदोष मनुष्यवधाचे ३०४ लावले गेले आणि सात वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली. पणजीची साक्ष अवघ्या दोन वाक्यांत आटोपली आहे. ती विहिरीवर नव्हतीच. धाकट्या मुलाला ताप भरल्याने ती घरी त्याच्या उशाशी बसली होती, आणि आरडाओरडा ऐकून लोक धावले तेव्हाही ती मुलाला सोडून गेली नाही, असे तिने सांगितले आहे. ‘डोळ्यांदेखत’ हा आमच्या घरात पिढ्यानुपिढ्या चालत आलेला तपशील त्या दोन वाक्यांनी पुसला गेला. खरे सांगायचे तर, त्याच्या जागी जे आले ते मला अधिक अस्वस्थ करते.

निकालात ती ‘मयताची पत्नी’ आहे. तिचे वय नाही, माहेर नाही आणि पुढे तिचे काय झाले हा त्या कोर्टाचा विषयही नव्हता. मरणाच्या कागदांत ती पुढे सापडणार नव्हती, म्हणून आम्ही जमिनीच्या कागदांकडे वळलो.

[दृश्य : गाव नमुना सहा, फेरफार नोंदवही]

१९१९ च्या उन्हाळ्यातला वारसाचा फेरफार, म्हणजे जमिनीवर वारसांची नावे चढवल्याची नोंद, आहे. खातेदार मयत, वारस दोन मुलगे, दोघेही अज्ञान, नावांपुढे ‘अ. पा. क. आई’, म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई. वर्दी, म्हणजे त्यासाठीची खबर, तिने स्वतः दिली आहे आणि खाली तिचा अंगठा आहे. अंगठ्याशेजारी कुलकर्ण्याने तिचे नाव लिहिले आहे. आमच्या घरातल्या कोणालाही ते नाव ठाऊक नव्हते.

पुढच्या वर्षी एक जमीन गहाण पडली. नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या दस्तांची नक्कल सब-रजिस्ट्रारच्या पुस्तक क्रमांक एकमध्ये कायमची राहते. कोर्टाची फाइल जिथे नष्ट होते, तिथे गहाणखत टिकते. शिवाय अज्ञान मुलांच्या वतीने पालकाने केलेला व्यवहार पुढे कोर्टात टिकायचा, तर कुटुंबाची खरीखुरी गरज दस्तात मांडावी लागे. सावकाराच्या हितासाठी रुजलेल्या या रिवाजामुळे आम्हाला पणजीचे बोलणे म्हणता येईल असे काहीतरी मिळाले, ते दस्तलेखकाच्या भाषेत असले तरी. मयताचे उत्तरकार्य, मुलांच्या आजारातले औषधपाणी, मेलेल्या बैलाच्या जागी घ्यायचा बैल आणि पेरणीचे बियाणे, अशी कारणे त्यात एकाखाली एक दिलेली आहेत. चतुःसीमा लिहिताना तिने एक वाक्य घालून घेतले आहे : सामाईक विहिरीतला चार आण्यांचा हिस्सा आणि पाण्याची पाळी या गहाणात धरलेली नाही.

सावकाराने ही अट मान्य केली याचे मला आजही आश्चर्य वाटते. पाणी नसलेली जमीन त्याने का घेतली असेल, हे कागद सांगत नाही. ज्या पाळीपायी नवरा गेला ती पाळी तिने हातची जाऊ दिली नाही, एवढे मात्र त्या वाक्यावरून निर्विवाद दिसते. आरोपीच्या घरचाही एक फेरफार त्याच वहीत आहे : खटल्याच्या खर्चासाठी त्यांनीही जमीन गहाण टाकली होती, त्याच सावकाराकडे. तुरुंगाच्या त्या वर्षांत विहिरीवरच्या दोन्ही पाळ्या बायकाच सांभाळत होत्या, आणि त्या काळात पाण्यावरून तंटा झाल्याची एकही नोंद तक्रारवहीत नाही.

गहाण फिटल्याचा फेरफार १९२६ सालचा आहे. थोरला मुलगा त्या वर्षी अठरा पूर्ण होऊन सज्ञान झाला होता, आणि बोजा कमी करण्याच्या नोंदीबरोबरच त्याच्या नावापुढचा अ. पा. क. हा शेराही कमी करण्यात आला आहे. वर्दी देणार म्हणून या खेपेलाही अंगठा तिचाच आहे.